शेव्हर्ले सी-१० विकत घेण्यापूर्वी गंज कसा शोधावा

१९६७ ते १९७२ या काळातली शेव्हर्ले सी-१० पिकअप विकायला निघाली, की मालक आधी बॉनेट उघडतो, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाचा आवाज ऐकवतो आणि घेणाऱ्याचा निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. तपासणी इंजिनापासून सुरू करावी हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला साफ चुकीचा वाटतो. ३५० घन इंचांच्या व्ही-८ इंजिनाचे सुटे भाग अमेरिकेत आजही सहज मिळतात. केबिनचा पत्रा सडला असेल, तर मात्र गाडी पूर्ण उघडून, जुना पत्रा कापून नवा वेल्ड करत बसावे लागते.

कागदपत्रांवरचा गाडीचा ओळख क्रमांक (व्हीआयएन) चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीशी जुळवून घ्यावा. १९७१ पर्यंतच्या गाड्यांत या क्रमांकाचे दुसरे अक्षर ‘एस’ असेल, तर गाडी कारखान्यातून सहा सिलिंडरची निघाली आणि ‘ई’ असेल, तर व्ही-८ ची. ‘एस’च्या गाडीत नंतर व्ही-८ बसवलेले असणे हा दोष नव्हे, पण तिला मूळ व्ही-८ ची किंमत देऊ नये. साडेसहा फुटी हौद्याला आठ फुटीपेक्षा जास्त भाव मिळतो, म्हणून लांब चासिस कापून आखूड केलेल्या गाड्याही बाजारात येतात. चासिसवर वेल्डिंगचा सांधा दिसला, तर ते काम कोणी केले हे स्पष्ट विचारावे.

खरे अवघड काम गंज शोधण्याचे आहे. माझी पहिली सी-१०, १९६९ ची, मी ओहायोत घेतली. तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने पत्रा गंजतो, हे ठाऊक असूनही मी ताज्या रंगाला भुललो. वर्षभरात दाराखालच्या पत्र्यावर फोड आले. स्क्रूड्रायव्हरने खरवडले, तेव्हा बोटभर जाडीची लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) ढलपीसारखी निघून हातात आली आणि तिच्यामागे पत्र्याऐवजी तारेची जाळी व वर्तमानपत्राचे बोळे निघाले.

तेव्हापासून मी एक हलके लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराखालचा पत्रा आणि केबिनचे मागचे खालचे कोपरे यांवरून फिरवतो. जिथे ते धरत नाही, तिथे लांबी भरलेली आहे असे समजावे. परंतु एवढ्यावर थांबू नये, कारण सडलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा वेल्ड केलेला असला, तर लोहचुंबक तिथेही घट्ट चिकटते. त्यासाठी गाडीखाली शिरून, केबिन जिथे चासिसवर टेकते ते आधार स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावेत: निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग दार उघडून त्याचे टोक वर उचलावे. नुसते दार हलले, तर बिजागऱ्या झिजल्या आहेत. दाराबरोबर बिजागऱ्यांचा खांबही हलला, तर ती गाडी घेऊ नये.

शेवटी वायपरखालच्या जाळीत बादलीभर पाणी सावकाश ओतावे. ते पुढच्या चाकांमागून जमिनीवर गळायला हवे. पाणी आत पायांशी आले, तर जाळीखालची पोकळी कुजली आहे, आणि तिथवर पोहोचण्यासाठी पुढची काच, मडगार्ड आणि बहुधा डॅशबोर्डही काढावा लागतो. पाणी ओतू न देणाऱ्या मालकाशी मी पुढे बोलणे करत नाही. ॲरिझोनासारख्या कोरड्या राज्यातली, सीट फाटलेली आणि रंग उडालेली गाडी मी चकचकीत गाडीपेक्षा नेहमीच पसंत करतो.

उरलेले काम थोडे आहे. या गाड्यांची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे असते. आत पेट्रोलचा वास येत असेल, तर टाकीच्या रबरी नळ्या बदलून मिळेपर्यंत चाचणीलाही गाडी बाहेर काढू नये. पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून सरसकट आले, त्यामुळे आधीच्या गाडीचे ड्रम ब्रेक गाडी एका बाजूला ओढतात का, हे मोकळ्या रस्त्यावर पाहावे. इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलचा दाब पाहून मगच किमतीवर बोलावे.