बॅकअपमधून स्टँडबाय रेप्लिका: जॉब बनवायच्या आधी काय काय लागतं

बॅकअप रोज होतोय, दुसऱ्या साइटवर कॉपीपण जातेय, तरी सर्व्हर रूम गेली तर किती वेळात काम सुरू होणार असं कोणी विचारलं की बरेच जण गप्प बसतात, कारण २ टीबीचं व्हर्च्युअल मशीन बॅकअपमधून पूर्ण रिस्टोअर करायचं म्हणजे तासनतास गेले. त्यावर उपाय म्हणजे डीआर साइटवर (आपत्तीसाठी राखलेल्या दुसऱ्या जागेवर) मशीनची तयार कॉपी, म्हणजे रेप्लिका, बंद अवस्थेत ठेवायची, गरज पडली की फक्त चालू करायची. आणि ही कॉपी चालू प्रॉडक्शन (रोजच्या कामाच्या) मशीनला हात न लावता बॅकअप फाइलमधूनच बनवता येते. मी इथे वीम (बॅकअपचं सॉफ्टवेअर) आणि व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) धरून लिहितोय, बाकीच्या सॉफ्टवेअरमध्ये नावं वेगळी असतील पण लागतं साधारण हेच.

याचा फायदा आधी सांगतो. नेहमीच्या रेप्लिकेशनमध्ये प्रत्येक वेळी प्रॉडक्शन मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती) निघतो, म्हणजे रात्री बॅकअपसाठी एकदा आणि रेप्लिकासाठी परत एकदा, आणि दोन साइटमधल्या लाइनवरून तोच डेटा दोनदा जातो. बॅकअपची कॉपी डीआरला आधीच पोचत असेल तर रेप्लिका तिथल्या तिथे बनते, लाइनवर जास्तीचा बोजा शून्य. तोटा एकच पण मोठा: बॅकअप जितका ताजा तितकीच रेप्लिका ताजी. रात्री १० ला बॅकअप आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ ला घोळ झाला तर मधले १९ तास गेले, रेप्लिका जॉब (वीममधलं ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) दर तासाला चालवलात तरी काही फरक पडत नाही कारण नवीन रिस्टोअर पॉइंटच (जिथे परत जाता येईल अशी बॅकअपमधली वेळ) नाहीये. हे मालकाला किंवा मॅनेजरला आधीच लेखी सांगून ठेवा. बिलिंगच्या डेटाबेसला हे चालणार नसेल तर त्या एका मशीनचा बॅकअप दर २ तासांनी घ्या, सगळ्यांचा घ्यायची गरज नाही.

आता डीआर साइटवरचा होस्ट, म्हणजे ज्यावर मशीनं चालतात तो सर्व्हर. फुकटवाला ईएसएक्सआय (होस्टवर टाकायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) चालणार नाही, त्यात बॅकअपसाठी लागणारे एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरने जोडायची सोय) बंद असतात, लायसन्स असलेलाच हवा. व्हर्जन मेन साइटइतकं किंवा वरचं ठेवा, कारण मशीनचं हार्डवेअर व्हर्जन २० असेल तर ते ७.० वर उठणारच नाही, त्याला ८.० लागतं. सीपीयू मात्र तंतोतंत सारखा नसला तरी बहुतेक वेळा भागतं, कारण चालू मशीन हलवत नाहीयोत, बंद मशीन नव्याने बूट होतंय.

जागेच्या हिशोबात लोक हमखास फसतात. प्रत्येक रिस्टोअर पॉइंट म्हणजे रेप्लिकावरचा एक स्नॅपशॉट. ५०० जीबीचं मशीन, रोजचा बदल २० जीबी, ७ पॉइंट ठेवायचे तर ५०० अधिक १४० झाले ६४०. पण मशीन चालू करताना तिच्या रॅमएवढी स्वॅप फाइल डेटास्टोअरवर (मशीनच्या फाइल्स जिथे असतात त्या स्टोरेजवर) बनते (रॅम रिझर्व्ह केली नसेल तर), म्हणजे ६४ जीबी रॅम असेल तर अजून ६४, आणि चालू झाल्यावर जे नवीन लिहिलं जाणार ते परत वेगळ्या डेल्टा (फक्त बदलांच्या) फाइलमध्ये. म्हणून या उदाहरणात ८०० च्या खाली जाऊच नका. महिनोनमहिने बंद पडलेली रेप्लिका छान दिसते आणि नेमक्या गरजेच्या दिवशी जागा नाही म्हणून पॉवर ऑन होत नाही, यासारखं वैताग आणणारं दुसरं काही नाही. पॉइंट किती ठेवायचे तर व्हीएमवेअरवर कमाल २८, पण ७ पुरे. फक्त १ ठेवू नका, रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फाइल्स बॅकअपमध्ये आल्या की रेप्लिकातपण येणार, मग मागे जायला काहीतरी हवं ना.

रेप्लिकाचा मेटाडेटा (तिच्या नोंदी) ठेवायला एक साधी रिपॉझिटरी (वीमची साठवणीची जागा) लागते, विंडोज किंवा लिनक्स सर्व्हरवरची. स्केल-आउट रिपॉझिटरी (अनेक जागा जोडून केलेली) किंवा डीड्युप अप्लायन्स (सारखा डेटा एकदाच साठवणारं उपकरण) त्यासाठी चालत नाही. फिजिकल मोडमधली आरडीएम डिस्क (मशीनला थेट जोडलेली स्टोरेजची डिस्क) आणि इंडिपेंडंट डिस्क (स्नॅपशॉटमधून वगळलेली) बॅकअपमध्येच येत नाहीत तर रेप्लिकात कुठून येणार, त्या आधी शोधून काढा.

लाइनचं गणित सोपं आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. रोजचा ४० जीबी बदल कागदावर ५५ मिनिटांत जातो, प्रत्यक्षात दीड तास धरा. पण पहिला पूर्ण २ टीबी त्याच लाइनवरून पाठवायचा तर जवळपास ४५ तास, तेही दुसरं काही चाललं नाही तर. त्यामुळे पहिला फुल बॅकअप एन्क्रिप्ट करून डिस्कवर घ्या, गाडीत घालून डीआरला न्या आणि तिथल्या रिपॉझिटरीत टाका. उघडायचे मुख्य पोर्ट असे: व्हीसेंटरला (सगळे होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरला) ४४३, ईएसएक्सआयला ४४३ आणि ९०२, वीमच्या सर्व्हरांमध्ये आपसात २५०० ते ३३००. नेटवर्कवाल्याला आठवडाभर आधी सांगा, तो शेवटच्या दिवशी करत नाही.

आणि ज्यावरून मी सगळ्यांशी भांडतो ते म्हणजे वीमचा सर्व्हर आणि व्हीसेंटर. हे दोन्ही मेन साइटवरच असतील तर मेन साइट गेल्यावर फेलओव्हरचं (काम रेप्लिकावर वळवायचं) बटण कुठून दाबणार? रेप्लिका सांभाळणारा वीम सर्व्हर डीआरला हवा, तिकडे स्वतःचा व्हीसेंटर हवा, आणि त्यांचे पासवर्ड मेन साइटच्या डोमेनवर अवलंबून नकोत. डीआर त्याच शहरात असेल तर तेही बघा, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता, त्या दिवशी अंधेरीचा डीआर कुर्ल्याच्या कामाला आला नसता.

एवढं झालं की जॉब बनवणं १० मिनिटांचं काम. नवीन रेप्लिकेशन जॉब घ्या, पहिल्याच पानावर नेटवर्क रीमॅपिंग (मेन साइटचं नेटवर्क डीआरच्या नेटवर्कशी जुळवणं) आणि री-आयपीवर (आयपी बदलणं) टिक करा (डीआरला आयपी रेंज वेगळी असेल तर). मशीन निवडायच्या पानावर सोर्स नावाचं बटण आहे तिथे प्रॉडक्शन स्टोरेज काढून बॅकअप फाइल्स निवडा, हेच लोक विसरतात आणि मग विचारतात स्नॅपशॉट का निघतोय. पुढे डीआरचा होस्ट, डेटास्टोअर, पॉइंटची संख्या. शेड्यूल बॅकअप कॉपी पोचल्यानंतरचं ठेवा, त्याआधी नाही.

रेप्लिका व्हीस्फियरमधून (व्हीएमवेअरच्या स्क्रीनवरून) हाताने कधीच चालू करू नका, बघायला म्हणूनसुद्धा नाही, वीमचा हिशोब बिघडतो. टेस्ट करायची तर बाहेर कुठेही न जोडलेलं वेगळं व्हर्च्युअल नेटवर्क बनवून तिथे, नाहीतर एकाच नावाची आणि आयपीची दोन मशीनं समोरासमोर येतात. फेलओव्हर प्लॅनमध्ये आधी डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) आणि डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारा), मग डेटाबेस, मग ॲप्लिकेशन, मधे दोन-तीन मिनिटांचं अंतर. टेस्टमध्ये नुसती लॉगिन स्क्रीन आली म्हणून खूश होऊ नका, अकाउंट्सच्या माणसाला बसवून एक एंट्री करून बघायला सांगा.

खरोखर फेलओव्हर झाला तर एक गोष्ट लगेच करा: आता काम डीआरच्या मशीनवर चाललंय आणि तुमचा जुना बॅकअप जॉब अजून मेन साइटचंच मशीन शोधतोय, म्हणजे नवीन डेटाचा बॅकअप कुठेच होत नाहीये. मुक्काम लांबणार असं दिसलं की चालू रेप्लिकाला त्याच दिवशी वेगळा बॅकअप जॉब लावा. आणि मेन साइटवरचं जुनं मशीन धडधाकट असेल तर रागाच्या भरात डिलीट करू नका, फेलबॅकला (काम परत मेन साइटवर नेताना) ते सापडलं तर फक्त फरक परत येतो, नाहीतर ते २ टीबी पुन्हा त्याच लाइनवरून.