मंडळाचा मोफत ड्राइव्ह-इन सिनेमा: तयारी कशी करायची

गाडीत बसून सिनेमा बघायची कल्पना मूळ आमच्या न्यू जर्सीतलीच. कॅम्डनला लागून असलेल्या पेनसॉकनमध्ये रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी ६ जून १९३३ रोजी पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याआधी त्यांनी घराच्या आवारात झाडांना पडदा ताणून आणि गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवून बरेच प्रयोग केले होते. पुढची गाडी मागच्यांच्या आड येऊ नये म्हणून प्रत्येक गाडीची पुढची चाकं थोडी वर चढतील असे उतार त्यांनी जमिनीला दिले. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी चार हजारांच्या आसपास थिएटरं होती. आमच्या राज्यात आता व्हाइनलंडचं डेलसी तेवढं उरलंय. २०२० साली सिनेमागृहं बंद पडली तेव्हा टाउनशिप (म्हणजे इथली नगरपालिका), लायब्रऱ्या आणि चर्च यांनी आपापल्या पार्किंग लॉटमध्ये पडदे उभे केले आणि लोकांना ते आवडलं. इथल्या मराठी मंडळासाठी तर हा फार चांगला कार्यक्रम आहे. तिकीट नाही, तान्हं बाळ रडलं तर कुणी वळून बघत नाही, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आई-बाबा, जे एरवी संध्याकाळी घरातच असतात, तेही सगळ्यांबरोबर बाहेर पडतात. म्हणून तयारी करताना कसोटी एकच ठेवा: शेवटच्या रांगेतल्या गाडीत, मागच्या सीटवर बसलेल्या आजींना दिसलं पाहिजे आणि ऐकू आलं पाहिजे.

सगळ्यात आधी तारीख. उन्हाळ्याची सुट्टी सोयीची वाटते, पण जूनअखेर इथे सूर्य साडेआठला मावळतो आणि पडद्यावर चित्र नीट उठायला त्यानंतर अर्धा तास तरी जातो. म्हणजे नऊला सुरुवात, आणि अर्ध्या सिनेमात पोरं झोपलेली. सप्टेंबरच्या मध्याला सूर्यास्त सातच्या सुमारास होतो. साडेसातला सिनेमा सुरू करून दहापर्यंत सगळे घरी जायला निघतात. गणपती आणि नवरात्र यांच्यामधले पितृपक्षाचे दिवस मंडळाच्या कॅलेंडरमध्ये बहुतेक रिकामे असतात, स्वयंसेवकही मोकळे असतात. त्यातला एखादा शनिवार मी नेहमी सुचवते. शुक्रवार नको, कारण हायस्कूलच्या फुटबॉलचे सामने त्याच संध्याकाळी असतात आणि पार्किंग मिळत नाही. पावसासाठी पर्यायी तारीख लगेच ठरवा आणि परवानगीच्या अर्जात दोन्ही तारखा लिहा.

जागा शाळेची, चर्चची किंवा टाउनशिपच्या बागेची, कुठलीही चालेल, पण ती रात्री जाऊन बघा. दुपारी उत्तम वाटलेल्या लॉटमध्ये अंधार पडल्यावर दहा खांबांचे दिवे लागतात. शाळांमध्ये हे दिवे बऱ्याचदा टायमरवर असतात आणि ते बंद करायचं त्या इमारतीतल्या कुणाच्या हातात नसतं. कोणते दिवे किती ते किती बंद राहतील हे लेखी घ्या, आणि येण्याजाण्याच्या वाटेवरचे एक-दोन मुद्दाम चालू ठेवायला सांगा. गवताचं मैदान सुंदर दिसतं, पण आदल्या दिवशी पाऊस झाला तर गाड्या रुततात, आणि वाळलेल्या उंच गवतावर गाडीखालच्या तापलेल्या भागांनी आग लागू शकते. डांबरी जागाच बरी. अर्जाबरोबर विम्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यात जागेच्या मालकाचं नाव ॲडिशनल इन्शुअर्ड म्हणून, म्हणजे विम्याचं संरक्षण त्यालाही मिळेल असं, घालावं लागतं. फायर मार्शलला, म्हणजे अग्निसुरक्षा बघणाऱ्या अधिकाऱ्याला, गाड्यांच्या रांगांचा नकाशा दाखवा. फायर लेन (अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी ठेवायची वाट) आणि अपंगांसाठी राखीव जागा नकाशात आधी भराव्या, उरलेल्या जागेत बाकीच्या गाड्या. या सगळ्याला दोन महिने धरा.

सिनेमाच्या परवान्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे गैरसमज फार आहे. कार्यक्रम मोफत आहे, मंडळ ना-नफा आहे, डीव्हीडी आपण विकत घेतलेली आहे, यांपैकी कशानेही परवान्यातून सूट मिळत नाही. डीव्हीडी आणि घरचं स्ट्रीमिंगचं सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. चार लोकांत दाखवायचं तर सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना घ्यावाच लागतो. हॉलिवूडच्या चित्रपटांसाठी स्वँकसारख्या कंपन्या हे परवाने देतात. उघड्यावरच्या खेळासाठी अर्ज वेगळा असतो आणि अंदाजे प्रेक्षकसंख्या विचारतात, ती खरी सांगा. मराठी चित्रपट असेल तर निर्मात्याला किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना थेट पत्र लिहा. उत्तर आलं की त्यात तारीख, ठिकाण आणि एका खेळाची परवानगी स्पष्ट आहे ना ते बघा, आणि चांगल्या प्रतीची फाइल इंग्रजी सबटायटल्ससह मागा. आपल्या चित्रपटांमागे उभं राहणारं मंडळ म्हणून निर्मात्याचे पैसे आपणच बुडवता कामा नयेत. परवाना हातात येईपर्यंत जाहिरातीत चित्रपटाचं नाव टाकू नका.

आता पडदा. सबटायटल्स पडद्याच्या तळाशी येतात आणि पुढच्या गाडीमुळे सगळ्यात आधी तोच भाग झाकला जातो. इथे वाढलेली मुलं त्या ओळींच्या आधारानेच मराठी सिनेमा बघतात, त्यामुळे पडद्याची खालची कड किती उंच ठेवायची हे सबटायटल्सवरून ठरवा. सेडानचं छत पावणेपाच फुटांवर असतं, मोठ्या एसयूव्हीचं सहा फुटांच्या आसपास जातं. कड सहा फुटांच्या वर हवी. भाड्याने मिळणारे, हवा भरून उभे राहणारे पडदे सोयीचे असतात, पण त्यांचा ब्लोअर (हवा भरणारा पंखा) सतत चालू ठेवावा लागतो आणि वाऱ्याची मर्यादा कंपनीने लिहून दिलेली असते, ती ओलांडली की पडदा खाली घ्यायचाच. डांबरात खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून दोर पाण्याने भरलेल्या पिंपांना बांधतात. ५५ गॅलनचं भरलेलं पिंप साडेचारशे पौंडांच्या वर जातं. पाणी कुठल्या नळाचं, होज पाइप किती लांब लागेल, हे आधी विचारून ठेवा.

गाड्या किती मावतील याचा हिशोब पार्किंगच्या पट्ट्यांवरून करू नका. पडद्याच्या रुंदीच्या साधारण सहापट अंतरापलीकडे चित्र लहान वाटायला लागतं. २४ फुटी पडदा घेतला तर शेवटची गाडी १४४ फुटांच्या आत हवी. पहिली रांग पडद्यापासून ४० फुटांवर, आणि गाडी अधिक मधली वाट धरून दर ४० फुटांना पुढची रांग, म्हणजे तीन रांगा. प्रत्येक दोन गाड्यांमध्ये एक जागा रिकामी सोडली की लोकांना खुर्च्या मांडता येतात आणि दारं उघडता येतात. एकूण किती गाड्या बसतात ते असं मोजा. तेवढीच नोंदणी घ्या आणि प्रतीक्षायादी ठेवा. मोफत कार्यक्रमाला नाव देऊन न येणारी कुटुंबं असतातच. नोंदणीच्या वेळीच गाडीचा प्रकार विचारा. सेडान पुढे, एसयूव्ही आणि मिनीव्हॅन मागे किंवा कडेला. मिनीव्हॅन उलटी लावून, मागचं दार उघडून, गाद्या टाकून बसणारे बरेच असतात. ते उघडलेलं दार छताच्या दीड-दोन फूट वर जातं आणि मागच्या दोन गाड्यांचा सिनेमा जातो. त्यासाठी सुतळीचं बंडल जवळ ठेवा आणि दार छताच्या पातळीला बांधून द्या. अशा पडद्याला प्रोजेक्टर किमान पाच हजार ल्यूमेनचा (ल्यूमेन हे प्रकाशाचं माप) लागतो.

आवाज हा सगळ्यात नाजूक भाग. गाडीच्या रेडिओवर आवाज द्यायला छोटा एफएम ट्रान्समीटर वापरतात. विनापरवाना एफएमला केंद्रीय नियमांत फार कमी ताकद दिलेली आहे, साधारण २०० फुटांपर्यंत पोहोचेल एवढीच. आपल्या तीन रांगांना ती पुरते. ऑनलाइन मिळणारी जास्त ताकदीची यंत्रं घेऊ नका. शेजारच्या घरांत आणि परवानाधारक केंद्रांत व्यत्यय आला तर कारवाई होते. ट्रान्समीटर प्रोजेक्टरपाशी, रांगांच्या मध्यावर, उंच स्टँडवर ठेवा. खरी अडचण मोकळी फ्रिक्वेन्सी शोधायची. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया दोन्हीकडची केंद्रं इथे ऐकू येतात, डायल भरलेला असतो. त्याच जागी, त्याच वेळेला गाडी नेऊन ८८ पासून १०८ पर्यंत हळूहळू फिरवा, आणि मोकळ्या वाटलेल्या दोन-तीन जागा वेगवेगळ्या गाड्यांवर पुन्हा ऐका. लॅपटॉप ते ट्रान्समीटर वायरनेच जोडा. ब्लूटूथने आवाज उशिरा येतो आणि पात्रांचे ओठ आधी हलतात. मंडळाकडे बॅटरीवरचे पाच-सहा साधे रेडिओ हवेतच. ज्यांच्या गाडीत अडचण येईल त्यांना, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही म्हणून खुर्च्या घेऊन येतील त्यांनाही ते द्या.

गाड्यांबद्दल कुटुंबांना आदल्या दिवशी एक निरोप पाठवा. पुश-बटणवाल्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं की इंजिनाशिवाय रेडिओ लागतो. काही मॉडेलमध्ये तो थोड्या वेळाने आपोआप बंद होतो आणि पुन्हा दाबावा लागतो. हायब्रिड गाडी 'रेडी'त, म्हणजे चालवायला तयार, ठेवली तर मध्येच इंजिन सुरू होतं, म्हणून नुसता रेडिओ चालणाऱ्या 'ॲक्सेसरी'तच ठेवा. बऱ्याच गाड्यांचे दिवसाचे दिवे हँडब्रेक ओढला की विझतात. नाही विझले तर जुना टॉवेल टाका. उभ्या गाडीचं इंजिन तीन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवायला न्यू जर्सीत मनाई आहे, आणि आसपास मुलं खाली बसलेली असताना तो धूर नकोच. थंडीसाठी शाली, ब्लँकेट आणा. बॅटरी उतरलेली गाडी सुरू करून देणारे दोन जंप स्टार्टर मंडळाने चार्ज करून ठेवावेत, रात्री एखादी बॅटरी हमखास उतरते.

वीज शाळेच्या बाहेरच्या सॉकेटवर घेत असाल तर प्रोजेक्टर आणि ब्लोअर वेगवेगळ्या सर्किटवर लावा. जनरेटर असेल तर तो पडद्यामागे लांब. वायरी रबरी पट्टीखाली. शौचालय शाळा उघडून देत नसेल तर पोर्टेबल मागवा, त्यातलं एक व्हीलचेअर जाईल असं.

खाण्याचं सोपं ठेवा. घरी केलेले वडे वाटायचे म्हटलं तरी आरोग्य खात्याला विचारावं लागतं. परवाना असलेला फूड ट्रक किंवा बंद पाकिटं बरी. आपल्या भडंगात, चिवड्यात, चिक्कीत शेंगदाणे असतात आणि इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं पुष्कळ आहेत. शेंगदाण्याचे पदार्थ वेगळ्या टेबलावर, मोठ्या अक्षरातल्या पाटीसह, आणि वाढणारे हातही वेगळे.

आजी-आजोबांच्या गाड्या शौचालयाच्या बाजूला, रांगेच्या टोकाला लावा, म्हणजे मध्येच उठताना अंधारात गाड्यांमधून वाट काढावी लागणार नाही. एका स्वयंसेवकाने टॉर्च घेऊन त्याच टोकाला उभं राहायचं. आजी-आजोबांची औषधाची वेळ रात्रीच्या जेवणाशी बांधलेली असते, म्हणून मध्यंतर किती वाजता होईल ते निरोपातच लिहा, आणि मध्यंतर घ्याच, इंग्रजी सिनेमा असला तरी.

त्या दिवशी पडदा चार वाजता उभा करा. गाड्या साडेसहापासून आत घ्या, येतील तशा नव्हे तर प्रकाराप्रमाणे. पाच मैलांचा वेग, रिफ्लेक्टर जॅकेट घातलेली माणसं, आणि गेटपाशी फ्रिक्वेन्सी लिहिलेली पाटी. वाऱ्यापावसाचा निर्णय कुणी एकानेच घ्यायचा आणि दुपारी दोनपर्यंत सगळ्यांना कळवायचा. सिनेमा संपल्यावर लॉटचे दिवे आधी लावा, मुलं गाड्यांत बसली का ते बघा, मगच शेवटची रांग सोडा, मग मधली, मग पहिली. बंद पडलेल्या गाडीपाशी कुणीतरी थांबा. पिंपांचं पाणी गटारात एकदम न ओतता झाडांना द्या, कचरा त्याच रात्री उचला आणि लॉट जसा होता तसा झाल्याचा फोटो किल्ल्यांबरोबर शाळेकडे पाठवा. पुढच्या सप्टेंबरच्या दोन तारखाही त्याच पत्रात मागून टाका, कारण शाळांचं वेळापत्रक फार लवकर भरतं.