पानकाप्या मुंग्यांच्या बागेतल्या बुरश्या: नमुना कसा घ्यावा, कशा वाढवाव्यात, कशा ओळखाव्यात

अ‍ॅटा आणि अ‍ॅक्रोमर्मेक्स या दोन वंशांतल्या मुंग्या झाडांची पानं कापून घरट्यात नेतात, चावून त्यांचा लगदा करतात आणि त्यावर बुरशी वाढवतात. ब्राझीलमध्ये अ‍ॅटाला ‘साउवा’ म्हणतात, अ‍ॅक्रोमर्मेक्सला ‘केंकें’. टेक्सासपासून अर्जेंटिनापर्यंत त्यांचा वावर आहे. अमेरिका खंडांबाहेर त्या कुठेच नाहीत. पानांचा उपयोग खायला नसून बुरशी पिकवायला होतो, हा अंदाज थॉमस बेल्ट यांनी १८७४ मध्ये निकाराग्वातल्या निरीक्षणांवरून मांडला. पुढे आल्फ्रेड म्योलर यांनी ब्राझीलमध्ये या बागांचा बारकाईने अभ्यास केला आणि १८९३ मध्ये त्या बुरशीला नाव दिलं. आज ती ल्युकोॲगॅरिकस गाँगिलोफोरस म्हणून ओळखली जाते.

नुसत्या डोळ्यांना बागेत ही एकच बुरशी दिसते. तुकडे प्लेटवर (पोषक माध्यम ओतलेल्या झाकणाच्या बशीवर) लावले की मात्र एस्कोव्हॉप्सिस, ट्रायकोडर्मा, फ्युझॅरियम, पेनिसिलियम, सिन्सेफॅलॅस्ट्रम, कनिंगहॅमेला, शिवाय यीस्ट असं बरंच काही उगवतं. हे सगळं बागेत राहतं, की पानांबरोबर बीजाणूंच्या रूपात नुसतं येऊन पडतं? पुढच्या सगळ्या खटाटोपाचा रोख या प्रश्नावर आहे. उत्तर बिघडवणारी मोठी गोष्ट एकच: मुंग्या बागेपासून किती वेळ दूर होत्या. त्या सतत तण काढतात, बीजाणू चाटून साफ करतात. त्या हटल्या की काही दिवसांत बागेचं रूपच पालटतं. म्हणून प्रत्येक नमुन्यावर दोन वेळांची नोंद करा, बाग उघडली ती आणि मुंग्या काढल्या ती.

खोदण्याआधी आणि खोदताना

परवाना आधी. ब्राझीलमध्ये नमुने गोळा करायला सिसबिओ या सरकारी परवाना-यंत्रणेची परवानगी लागते आणि जनुकीय काम सिसजेन या सरकारी नोंदणी-प्रणालीवर नोंदवावं लागतं (२०१५ चा कायदा क्र. १३.१२३). परदेशी विद्यार्थ्याने तिथल्या संस्थेसोबतच काम करावं. जिवंत मुंग्या भारतात आणण्याचा विचारही नको. पिकं आणि फळबागा ओरबाडणारी कीड आहे ती.

जुनं अ‍ॅटा घरटं म्हणजे लाखो मुंग्या, शेकडो कप्पे आणि काही मीटर खोली. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या वर्षातलं घरटं निवडा. त्यात बहुधा एकच बाग असते आणि ती वीतभर ते दीड फूट खोलीवर सापडते. वर ताज्या मातीचं छोटं वर्तुळ आणि एकच भोक, ही त्याची खूण. राणी उड्डाणाला निघताना आईच्या घरट्यातल्या बुरशीची गोळी तोंडातल्या कप्प्यात घेऊन निघते, विरजण नेल्यासारखी. नवी बाग त्या गोळीपासून लागते.

भोकावरून सरळ खाली खोदू नका. कप्प्याचं छत कोसळतं, माती बागेत मिसळते आणि मातीतल्या बुरश्या बागेच्या म्हणून मोजल्या जातात. भोकापासून दोन फुटांवर चर खणा, मग आडवं, चमच्या-चमच्याने माती काढत कप्प्याकडे सरका. कप्प्याची भिंत दिसली की हातमोजे बदला. ७० टक्के अल्कोहोलने पुसून ज्योतीवर धरलेला स्टीलचा चमचा गार होऊ द्या आणि बाग शक्यतो एकसंध उचला. सैनिक मुंग्यांचे जबडे कातडी सहज कापतात. पँट मोज्यांत खोचून वरून चिकटपट्टी लावा, बुटांवर आणि मनगटाजवळ टाल्क चोळा. टाल्कवर त्यांचे पाय घसरतात.

बाग निर्जंतुक डब्यात ठेवताना तिच्यासोबत कामकरी मुंग्या, अळ्या आणि कोषही येऊ द्या. प्रयोगशाळेपर्यंत बाग स्वच्छ ठेवायचं काम त्याच करतात. तळाशी ओलसर, थेंब न गळणारा निर्जंतुक कापूस ठेवा. डबा गाडीत उन्हात ठेवू नका, बर्फावरही नको. २२ ते २५ अंश सेल्सियस पुरे. त्याच दिवशी काम सुरू करा, फार तर २४ तासांत. जनुकीय कामासाठीचा तुकडा वेगळा, जागेवरच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये.

थर वेगळे करा

बागेचा वरचा भाग करडा-हिरवट असतो, नुकत्या लावलेल्या पानांचा, बुरशी विरळ. मधला पांढरा, सर्वांत जोमदार. तळचा तपकिरी, झिजलेला, मुंग्या लवकरच फेकून देतील असा. तिन्ही एकत्र चुरून लावले तर निष्कर्षाला काही अर्थ उरत नाही. चौथा नमुना कचऱ्याचा घ्या. बहुतेक अ‍ॅटा जाती कचरा जमिनीखालच्या कप्प्यात टाकतात, पण पनामातली अ‍ॅटा कोलोंबिका तो बाहेर ढिगात टाकते, त्यामुळे तिथे न खोदताही तुलनेचा नमुना मिळतो. बागेत क्वचित आणि कचऱ्यात भरपूर सापडणारी बुरशी मुंग्यांनी उपटून बाहेर काढलेली असू शकते. केवळ बागेतल्या याद्या देणारे अहवाल म्हणूनच अपुरे वाटतात.

माध्यम

एका घरट्याचे तुकडे लावायला ५०० मिलि माध्यम पुरतं. पीडीए (बटाटा-डेक्स्ट्रोज अगार) पावडर १९.५ ग्रॅम (लिटरला ३९), पाणी ५०० मिलि, आणि ५ मिलि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं क्लोरॅम्फेनिकॉल ७५ मिलिग्रॅम. हे प्रतिजैविक उष्णता सहन करतं, म्हणून माध्यमासोबतच १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करता येतं. स्ट्रेप्टोमायसिन-पेनिसिलिन वापरत असाल तर तसं करू नका. माध्यम ५० अंशांपर्यंत निवल्यावर ही प्रतिजैविकं निर्जंतुक गाळणीतून गाळून त्यात घाला. ९ सेंटिमीटरच्या प्लेटमध्ये २० मिलि ओता, म्हणजे २५ प्लेटा होतात. ओतलेल्या प्लेटा लगेच वापरू नका. रात्रभर ठेवल्या की झाकणावरचं पाणी सुकतं आणि एखादी आधीच बिघडलेली असेल तर कळते. झाकणावरून गळलेला एक थेंब बीजाणू प्लेटभर पसरवतो.

तुकडे लावणे

स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली चिमट्याने मुंग्या, अळ्या, अंडी काढा. वेळ नोंदवा. प्रत्येक थरातून सुमारे ३ मिलिमीटरचे ३० तुकडे घ्या. ०.०५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखं सौम्य द्रव्य) घातलेल्या निर्जंतुक पाण्यात पाच-सहा वेळा, दर वेळी नवं पाणी घेऊन, हलक्या हाताने धुवा. वरवर चिकटलेले बीजाणू यात निघून जातात, आत धागे पसरलेली बुरशी राहते. शेवटच्या धुण्याचं १०० मायक्रोलिटर पाणी वेगळ्या प्लेटवर पसरा. त्यावर जंगल उगवलं, तर धुणं कमी पडलं. तुकडे निर्जंतुक गाळणकागदावर टिपा आणि एका प्लेटवर पाचच लावा: थराला ६ प्लेटा, तीन थरांना १८. दोन प्लेटा काम चालू असताना झाकण उघडून तशाच ठेवा, हवेतलं काय पडतं ते दाखवायला. कचऱ्याचे १५ तुकडे आणखी ३ प्लेटांवर. पाचापेक्षा जास्त तुकडे लावायचा मोह होतो. तो टाळा. ट्रायकोडर्मा किंवा कनिंगहॅमेला एका तुकड्यावर आली तरी तीन-चार दिवसांत शेजाऱ्यांना झाकून टाकते.

प्लेटा २५ अंशांवर, अंधारात. पहिला आठवडा रोज पाहा, नंतर दिवसाआड, महिनाभर. नवा धागा दिसताच त्याचं टोक कापून वेगळ्या प्लेटवर न्या. रंग येईपर्यंत थांबलात तर तोवर दोन बुरश्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

हिशेब ‘किती वसाहती’ असा करू नका. भरपूर बीजाणू देणारी बुरशी त्यात उगाच मोठी ठरते. ‘३० पैकी किती तुकड्यांवर आली’ असा करा.

बागेची मूळ बुरशी

तुकड्यांच्या प्लेटांवर ल्युकोॲगॅरिकस जवळपास नेहमीच मागे पडते, कारण ती अतिशय सावकाश वाढते. तिला वेगळं काढावं लागतं. मधल्या थरात मायक्रोस्कोपखाली पांढरे, चमकदार, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे ठिपके दिसतील. त्या स्टॅफिली, म्हणजे गाँगिलिडियांचे पुंजके. गाँगिलिडिया म्हणजे धाग्याची फुगलेली टोकं, साधारण ३० ते ५० मायक्रोमीटर व्यासाची. अळ्यांचं पोषण यांवर होतं. प्रौढ मुंग्या पानांचा रसही पितात. बारीक निर्जंतुक सुईने एकेक स्टॅफिला उचला, पानाचा कण सोबत येऊ देऊ नका आणि प्रतिजैविकाच्या पीडीएवर ठेवा. प्लेटवर चार-पाच, एकूण किमान ४० स्टॅफिली. बऱ्याच वाया जातात. उरलेल्यांतून दोन ते चार आठवड्यांत घट्ट, पांढरी, कापसासारखी वसाहत दिसते. चार-पाच दिवसांत प्लेटभर पसरलं ते ल्युकोॲगॅरिकस नाही, कितीही पांढरं असलं तरी. इनक्युबेटर ३० अंशांवर गेला तर वाढ खुंटते. उन्हाळ्यात वीज गेलेल्या प्रयोगशाळांत ‘बुरशी उगवतच नाही’ या तक्रारीचं कारण अनेकदा एवढंच असतं.

एस्कोव्हॉप्सिस

ही बागेची परजीवी. वंशाचं वर्णन १९९० मध्ये झालं. कॅमेरॉन करी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की मुंग्यांच्या अंगावरचे जिवाणू तिला रोखणारी द्रव्यं तयार करतात. अ‍ॅक्रोमर्मेक्सच्या छातीवर दिसणारा पांढरट थर म्हणजे हेच जिवाणू.

वसाहत आधी पांढरी व लुसलुशीत, मग पिवळसर, शेवटी तपकिरी. साधारण आठवड्यात प्लेट भरते. चिकटपट्टीचा तुकडा वसाहतीवर हलकेच टेकवून लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या थेंबात बसवा आणि ४०० पट मोठं करून पाहा. उभ्या दांड्यावर फुगीर टोक, त्यावर बाटलीसारख्या पेशी, त्यांच्या तोंडाशी तपकिरी बीजाणू. फुगीर टोक पाहून घाईत अ‍ॅस्परजिलस म्हणण्याची चूक होते. एस्कोव्हॉप्सिसमध्ये एका दांड्याला अनेक फांद्या फुटून प्रत्येकीवर असं टोक असू शकतं, अ‍ॅस्परजिलसचा दांडा बहुधा एकटा असतो. जुने पेपर वाचताना नावं तपासा: पूर्वी याच वंशात धरलेल्या काही बुरश्या, विशेषतः गुलाबी, आता वेगळ्या वंशात गेल्या आहेत.

धुतलेल्या तुकड्यांत ती आली नाही, म्हणजे घरट्यात नाही असं नव्हे. मुंग्या काढलेला चमचाभर बागेचा भाग ओलसर कापसाच्या बंद प्लेटमध्ये ठेवून दहा दिवस रोज पाहा. दबून असलेली एस्कोव्हॉप्सिस इथे डोकं वर काढते.

यीस्टसाठी पद्धत वेगळी. १ ग्रॅम बाग ९ मिलि निर्जंतुक ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात घुसळा, १० पटींच्या पायऱ्यांनी चार वेळा पातळ करा, प्रत्येकाचे १०० मायक्रोलिटर वायएम अगारवर (यीस्ट-माल्ट माध्यमावर) पसरा. सामू (पीएच) ४ च्या जवळ आणायला आम्ल ऑटोक्लेव्हनंतर, माध्यम ५० अंशांवर आलं की घाला. आधी घातलं तर अगार घट्ट बसत नाही.

ओळख

सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धतीने डीएनए काढा. मग पीसीआरने आयटीएस या, बुरश्या ओळखायला वापरल्या जाणाऱ्या डीएनएच्या पट्ट्याच्या प्रती काढा: आयटीएस१ आणि आयटीएस४ प्रायमर (पट्ट्याच्या दोन टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे), ३५ चक्रं, प्रायमर चिकटण्याचं तापमान ५५ अंश. तुकडा बहुधा ६०० ते ७०० बेसच्या आसपास. यीस्टला एनएल१-एनएल४ ही प्रायमरची जोडी. फक्त आयटीएसवर ट्रायकोडर्मा, फ्युझॅरियम किंवा एस्कोव्हॉप्सिसची जात ठरवू नका, सोबत टीईएफ१ जनुक वाचा. ल्युकोॲगॅरिकसचा डीएनए वाचताना आलेख मध्येच दुहेरी शिखरांचा होतो. याला प्रदूषण समजून कल्चर फेकू नका: हिच्या एकेका पेशीत अनेक केंद्रकं असतात आणि आयटीएसच्या एकाहून अधिक आवृत्त्या. एकेक आवृत्ती वेगळी काढून (क्लोन करून) वाचलं की गुंता सुटतो. पूर्ण बागेचा डीएनए एकत्र वाचायचा असेल, तर बहुतेक वाचनं या एकाच बुरशीची येतील हे धरून वाचनांची संख्या (खोली) वाढवा.

आता सुरुवातीच्या प्रश्नाची खरी परीक्षा. तीन डब्यांत सारख्या वजनाची बाग घ्या: एकीत २० कामकरी, दुसरीत ५, तिसरीत एकही नाही. प्रत्येक डबीवर आपण वेगळ्या केलेल्या बुरशीच्या बीजाणूंचं सारखंच पाणी टाका, आणि नुसतं ट्वीनचं पाणी टाकलेला असाच दुसरा तिघांचा संच ठेवा. प्रत्येक प्रकाराच्या किमान पाच डब्या. आठवडाभर दर २४ तासांनी फोटो. विनामुंगी डबीत जोरात वाढून २० मुंग्यांच्या डबीत नाहीशी होणारी बुरशी बागेत रहिवासी म्हणवून घ्यायला कच्ची ठरते.

महाराष्ट्र-गोव्यात हात बसवायचा तर

आपल्याकडे पानकाप्या नाहीत, पण ओडोंटोटर्मिस वाळवी वारुळात टर्मिटोमायसिस बुरशीची पोळी (पोळ्यासारखा सच्छिद्र गोळा) जोपासते. पावसाळ्यात वारुळावर येणारी अळंबी, गोव्यातली रोण ओल्मी, याच बुरशीची. थर पाडणं, धुणं, ३० तुकड्यांचा हिशेब, सगळं जसंच्या तसं चालतं. स्टॅफिलीऐवजी पोळीवरचे पांढरे मणी उचला. वाळवी काढलेली पोळी ओलसर डबीत ठेवली तर काही दिवसांत स्यूडोझायलॅरिया ही दुसरी बुरशी तिच्यावर कब्जा करते, म्हणजे एस्कोव्हॉप्सिसचा धडा इथेही गिरवता येतो. जागा निवडताना हळद-कुंकू वाहिलेलं वारूळ सोडा, शेतमालकाला विचारा, आणि संपूर्ण वारूळ न फोडता एका बाजूचा एकच कप्पा उघडून माती पुन्हा दाबून बसवा.