क्लोनमेलमध्ये घर शोधण्यापूर्वी

आयर्लंडमधील क्लोनमेल या गावातल्या रुग्णालयात किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांत नोकरी मिळाली की आपली मंडळी सर्वप्रथम भाड्याच्या घरांच्या जाहिराती चाळू लागतात. माझा आग्रह असा की, त्याआधी या गावाची ठेवण समजून घ्यावी, कारण येथे कोणता रस्ता कोठे आहे आणि का आहे, याचे उत्तर बहुतेक वेळा शूर नदीपाशी सापडते.

टिपरेरी काउंटीतील (म्हणजे जिल्ह्यातील) सर्वांत मोठे असलेले हे सुमारे 18 हजार वस्तीचे गाव मुख्यतः नदीच्या उत्तर काठावर वसले आहे. दक्षिणेला पुलापलीकडे कॉमराह डोंगराची चढण जवळजवळ लगेचच सुरू होते आणि तिकडची काही वस्ती वॉटरफर्ड काउंटीत मोडते. म्हणून घर पुलापलीकडचे असेल, तर आपली काउंटी कौन्सिल (स्थानिक प्रशासन) कोणती, हे करारापूर्वीच विचारून घ्यावे. नदीकाठच्या धक्क्यांवर पूर्वी वारंवार पाणी चढत असे. आता तेथे पूरसंरक्षक भिंती आहेत आणि पुराचा इशारा मिळाला की काढता-घालता येणारे अडथळेही उभारले जातात. तरीही त्या भागात घर विकत घेण्याचा विचार असेल, तर सरकारी पूरनकाशा पाहावा आणि विमा मिळेल की नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी. विमा कंपनी नदीकडे आपल्याइतक्या कौतुकाने पाहत नाही.

मुख्य रस्ता म्हणजे ओकॉनेल स्ट्रीट. त्याच्या पश्चिम टोकाला वेस्ट गेट आहे. आज दिसणारी कमान 1831 मधली असली, तरी ती मध्ययुगीन वेशीच्या जागी उभी आहे. पूर्व टोकाला सतराव्या शतकातील मेन गार्ड ही दगडी कमानींची देखणी इमारत आहे. जुना तट पाहायचा असेल, तर सेंट मेरीज चर्चच्या आवारात जावे. याच तटासमोर 1650 च्या मे महिन्यात आयर्लंडवर चालून आलेला इंग्रज सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याच्या फौजेने सपाटून मार खाल्ला. तोफांनी तटाला खिंडार पडले खरे, पण गावाचे रक्षण करणाऱ्या शिबंदीचा सेनापती ह्यू डव्ह ओनील याने आतल्या बाजूस दोन्हीकडे आडोसे उभारून चिंचोळी गल्ली तयार केली होती. आत घुसलेले सैनिक तिच्यात कोंडले गेले आणि शेकड्यांनी मारले गेले. दारूगोळा संपत आल्यावर ओनील रात्रीच्या अंधारात शिबंदीसह निसटला. मग नगराध्यक्षाने शरणागतीच्या अटी ठरवून घेतल्या आणि क्रॉमवेलला फसवणूक उमगली, तेव्हा वचन देऊन झाले होते. ते त्याने पाळले, हे नमूद करायला हवे.

बाजारपेठ म्हणून गावाची भरभराट झाली ती त्यानंतरच्या काळात. आसपासच्या सुपीक खोऱ्यातील धान्य येथील गिरण्यांत दळले जाई आणि पीठ होड्यांतून वॉटरफर्ड बंदराकडे जाई. समुद्राच्या भरतीचे पाणी नदीच्या खालच्या अंगाच्या कॅरिक-ऑन-शूर गावापर्यंतच पोहोचत असल्याने तेथून वर येणाऱ्या भरलेल्या होड्या काठावरून घोडे ओढत आणत. घोड्यांची ती पायवाट आज चालण्यासाठी आणि सायकलींसाठी उत्तम राखलेली आहे; कॅरिकपर्यंतचे 21 किलोमीटरचे अंतर जवळपास सपाट असल्यामुळे लहान मुलांना घेऊनही तिचा एखादा टप्पा सहज करता येतो.

येथून 1815 मध्ये जवळच्या काहिर गावापर्यंत घोडागाडीची नियमित सेवा सुरू करणारा चार्ल्स बियांकोनी हा इटलीहून आलेला, आरंभी चित्रे विकत फिरणारा तरुण होता. पुढे त्याच्या गाड्या आयर्लंडच्या मोठ्या भागात धावल्या आणि तो या गावाचा नगराध्यक्षही झाला. आजची प्रवासाची सोय मात्र बेताचीच आहे. रेल्वे स्थानक असले, तरी दिवसातून मोजक्याच गाड्या येतात, त्यामुळे पाळीची नोकरी असणाऱ्यांना स्वतःच्या मोटारीवाचून गत्यंतर नसते. भारतीय परवान्याच्या बदल्यात येथील परवाना थेट मिळत नाही. थिअरी टेस्ट आणि रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते आणि चाचणीची तारीख लांबची मिळू शकते. म्हणून पत्त्याची कागदपत्रे हाती येताच परवान्यासाठी अर्ज करावा आणि तोपर्यंत कामाच्या ठिकाणी पायी जाता येईल असेच घर पाहावे.