नुएगादोस तेलात पसरू नयेत म्हणून

एल साल्वादोरचे युकाचे नुएगादोस म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच कंदाचे तळलेले गोळे. सगळी मेख पाण्यात आहे. कंद सोला, मधला दोरा काढा, बारीक किसा आणि कीस फडक्यात बांधून घट्ट पिळा. ओला राहिला की गोळा तेलात पसरलाच म्हणून समजा. मग अंडं आणि किसलेलं चीज घालून मळा. चीज खारट असेल तर मीठ विसरा. आच मध्यमच हवी, नाहीतर वरून लाल, आत कच्चे; आणि हा कंद कच्चा पोटात जाता कामा नये. वरून दालचिनी घातलेला गुळाचा पाक. तिथे सोबतीला मक्याचं बिनगोडाचं चिलाते पितात, तेव्हा पाकात हात आखडू नका.