लग्न रद्द करायचंय? आधी कॅलेंडर काढा

लग्नात फसवलं गेलं हे कळल्यावर आपल्याकडे आधी वकील नाही गाठत, आधी बैठक बसते. मामा, काका, मध्यस्थ सगळे जमतात, "जुळवून घे, होईल नीट" म्हणतात आणि मुलगी परत नांदायला जाते. लग्न रद्द करायची केस बहुतेक वेळा तिथेच गार होते, कारण सगळं कळल्यावर तुम्ही राजीखुशीने एकत्र राहिलात तर फसवणुकीच्या मुद्द्यावर कोर्ट लग्न रद्द करत नाही.

मी हिंदू विवाह कायदा 1955 बद्दल बोलतेय, बौद्ध, जैन, शीख पण त्यातच येतात. आळंदीला लग्न लावून नंतर नोंदणी केली तरी हाच कायदा. थेट रजिस्ट्रारसमोर नोटीस लावून केलेलं लग्न 1954 च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली येतं, तिथली कलमं वेगळी (24 आणि 25), आणि गोव्याचा तर कायदाच निराळा.

आता कलम 11. पहिली बायको किंवा नवरा हयात आहे, घटस्फोट झालेला नाही आणि तरी दुसरं लग्न केलं, तर ते लग्न मुळातच शून्य, मुदत वगैरे काही नाही, कधीही कोर्टात जा. नात्यातल्या नात्यात केलेलं लग्न पण यातच येतं, पण थांबा, मामाच्या मुलीशी लग्न लावायची रूढी तुमच्या समाजात असेल तर ते चालतं, फक्त रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. आणि सगोत्र निघाले म्हणून लग्न रद्द होत नाही हो, अजूनही लोक विचारतात म्हणून सांगितलं.

खरा घोळ कलम 12 मध्ये आहे. जबरदस्तीने किंवा फसवून संमती घेतली असेल तर एक वर्षाच्या आत पिटिशन टाकायचं, आणि हे वर्ष लग्नाच्या तारखेपासून नाही, फसवणूक उघड झाली किंवा जबरदस्ती थांबली त्या दिवसापासून मोजायचं. समजा लग्न डिसेंबर 2024 चं आणि आधीचं लग्न-घटस्फोट लपवलेला जानेवारी 2026 मध्ये कळला, तर जानेवारी 2027 पर्यंत वेळ आहे. 1976 च्या दुरुस्तीनंतर जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवणं पण फसवणुकीत धरतात, पण महत्त्वाची म्हणजे खरंच महत्त्वाची, बायोडेटात पगार थोडा फुगवला यावर लग्न रद्द होईल अशी आशा धरू नका.

याच्या उलट, लग्नाच्या वेळी बायको दुसऱ्यापासून गरोदर होती हा मुद्दा असेल तर वर्ष लग्नाच्या तारखेपासूनच मोजतात, तेराव्या महिन्यात कळलं तर या कलमाखाली दार बंद. शिवाय लग्नाच्या वेळी नवऱ्याला ते माहीत नसावं आणि कळल्यानंतर त्याच्या मर्जीने शरीरसंबंध आलेला नसावा.

नपुंसकतेमुळे संबंधच आले नाहीत, किंवा मानसिक आजारामुळे लग्नाला संमती द्यायची किंवा संसार करायची कुवतच नव्हती, याला ठरावीक मुदत नाही, पण दहा वर्षं गप्प बसून मग गेलात तर कलम 23 खाली "एवढा उशीर का" हे विचारलं जातंच. फिट येते एवढ्यावर मात्र आता लग्न रद्द होत नाही, ते 1999 ला काढून टाकलंय.

अल्पवयीन असताना लग्न लावलं असेल तर 2006 चा बालविवाह कायदा बघा, मुलीने वीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज करायचा.

घटस्फोटासाठी लग्नाला वर्ष व्हावं लागतं, तसं इथे नाही, दुसऱ्या दिवशी पण जाता येतं. पिटिशन फॅमिली कोर्टात, ते नसेल तर सिव्हिल जज सीनियर डिव्हिजनकडे, आणि बायको सध्या जिथे राहते तिथे पण ती टाकू शकते, त्यामुळे माहेरच्या गावी चालतं. जायच्या आधी बायोडेटा, स्थळाच्या साइटवरचं प्रोफाइल, दवाखान्याचे कागद आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट जपून ठेवा (चॅटसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं, वकिलाला आठवण करा), आणि कळलं ती तारीख कशावरून सिद्ध होईल तो कागद सगळ्यात वर. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या सोडचिठ्ठीने लग्न रद्द होत नाही, नोटरीचा शिक्का असला तरी.

मुलं असतील तर घाबरू नका, लग्न रद्द झालं तरी कलम 16 मुळे ती औरसच. आणि पोटगी पण मागता येते, शून्य लग्नात सुद्धा, सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये ते स्पष्ट केलंय.