घनफळाच्या तासाआधी पिशवीत काय काय भरायचं

पाचवीच्या पोरांना घनफळ शिकवायचंय तर आधी ठोकळे बघा, बाकी सगळं नंतर. सुताराकडे उरलेल्या लाकडाच्या पट्ट्या असतात, त्यातून २ सेंटीमीटरचे १०० तुकडे कापून घ्या, चार गट धरले तर प्रत्येकी २४ म्हणजे ९६ आणि ४ हरवायला. मापात कापलेत ना ते तिथेच चार-पाच एकमेकांवर रचून बघा, कारण एखादा जरी जाडा निघाला तर थर डुगडुगतो आणि पोरं गणित सोडून तेच बघत बसतात. साखरेचे क्यूब आणू नका, मी एकदा जुलैत आणले होते, गोव्याच्या पावसात दुपारपर्यंत चिकट लगदा आणि वर मुंग्या.

घरी रचून बघणं हेही तयारीतच धरा. ४×३×२ असा ढीग रचा आणि कोपऱ्यातून बघा, पुढून ८ चौकोन दिसतात, बाजूने ६, वरून १२, बेरीज २६. आता ठोकळे आहेत २४, तेव्हा जो पोरगा दिसणारे चौकोन मोजतो तो २६ म्हणणार आणि तुम्हाला लगेच कळणार की हा आतलं मोजतच नाहीये. म्हणूनच सुरुवातीला ३×३×३ चुकूनही घेऊ नका!! तिथे दिसणारे चौकोन ९+९+९ म्हणजे २७ आणि ठोकळेही २७, चुकीच्या पद्धतीने बरोबर उत्तर येतं आणि चूक तशीच लपून राहते. मला हे कळायला दोन वर्षं लागली.

सूत्र फळ्यावर पहिल्या दिवशी नको. त्याऐवजी कागदाच्या तीन पट्ट्या लिहून ठेवा: (४×३)×२, (३×२)×४, (४×२)×३. उत्तर तिन्हीचं २४च, पण पहिल्यात आडवे २ थर दिसले, दुसऱ्यात ढिगाच्या उभ्या ४ फाका, पाव कापल्यासारख्या, तिसऱ्यात पुढून मागे ३ भिंती. कंस कुठे घातला यावरून पोराने ढीग कसा बघितला ते समजतं, मग हाताने ती फाक वेगळी करून दाखवायला सांगा. चौथी पट्टी मुद्दाम ४+३+२ ची ठेवा, कोणीतरी उचलतंच.

शाळेजवळ कुठे घराचं काम चालू असेल तर आदल्या दिवशी जाऊन चिऱ्यांची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांची, रास बघून या आणि मालकाला विचारून ठेवा. लांबीला ८, आत ३, उंचीला ५ थर असले तर १२०, एकेक मोजत बसायची गरजच नाही, गवंडीसुद्धा असंच करतो. टेप न्या, एक चिरा मोजून आकडे वहीत लिहा, प्रत्येक खाणीचं माप जरा वेगळं असतं त्यामुळे ऐकीव आकडा नको. पावसाळ्यात राशीखाली काय असेल सांगता येत नाही, पोरांना हात घालू देऊ नका.

पुठ्ठ्याचा १०×१०×१० सेंटीमीटरचा वरून उघडा डबा करा, कडा टेपने घट्ट, आणि लिटरच्या मापाने उकडे तांदूळ ओतून बघा, मावतात. १००० घनसेंटीमीटर म्हणजे १ लिटर हे सांगण्यापेक्षा ओतलेलं लक्षात राहतं. बाजूला एक लांब चपटा डबा ठेवा, २०×१०×५ चा, घरी कोकणी बोलणारी पोरं लगेच म्हणतात "म्हाका दिसता हो व्हड" (मला वाटतं हा मोठा), मग तेच तांदूळ त्यात ओता.

एक गोष्ट मी दरवेळी विसरते: आपला ठोकळा २ सेंटीमीटरचा आहे, त्यामुळे उत्तर "२४ ठोकळे" असंच म्हणायचं, घनसेंटीमीटर नाही, कारण त्या एकेकात ८ घनसेंटीमीटर आहेत. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लवकर संपवणाऱ्यांसाठी प्रश्न तयार असू द्या, २४ ठोकळ्यांचे किती वेगळे डबे होतात? सहा: १×१×२४, १×२×१२, १×३×८, १×४×६, २×२×६, २×३×४. आडवे-उभे केलेले वेगळे धरायचे नाहीत हे आधीच सांगा, नाहीतर भांडण ठरलेलं.

आणि एक नाडीची पिशवी. तास संपला की ठोकळे मोजूनच परत घ्या, एखादा कोणाच्या तरी खिशात असतोच.